डिझेलमधली हवा शोधून देणाऱ्या मिस्त्रींना

प्रिय मिस्त्री,

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडायचं नाही, याची मला कल्पना आहे. मी आभार मानायला लागले तेव्हाही तुम्ही हातातल्या चिंधीकडे बघत "झालं ना काम" एवढंच म्हणालात आणि पुढच्या गाडीकडे वळलात. पण मला ते तेवढ्यावर सोडवत नाही. गाडी आता रोज सकाळी पहिल्या सेल्फला उठते. ती उठली की आधी तुमची आठवण येते आणि पाठोपाठ बाकीच्यांचा राग. दोन्ही एकदाच लिहून मोकळी होते.

आधी बाकीचे.

गाडी जुनी आहे हे प्रत्येकाने मला अशा थाटात सांगितलं की जणू ही बातमी मला पहिल्यांदाच कळत होती. कॉमन रेल डिझेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत, प्रवासी गाड्यांत आली 1997 मध्ये. माझं इंजिन त्याआधीच्या घडणीचं: रोटरी पंप, डिझेलचा फवारा मारणारी साधी नोझल, सुरू होताना आतली हवा तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग, आणि टाकीतून डिझेल ओढून आणायचं कामही त्या पंपाचंच. दुखणं एकच होतं. सकाळी सेल्फ मारत राहायचं, मग एखादा सिलिंडर पकडायचा, गाडी थरथरायची, पांढरा धूर सोडायची आणि थोड्या वेळाने काही घडलंच नाही अशी चालायला लागायची. दिवसभर मग तक्रार नाही. बंद करून लगेच सुरू केली तर की फिरवायचा अवकाश.

एकाने सगळे हीटर प्लग बदलले. दुसऱ्याने बॅटरी बदलली. आणखी एकाने पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून नीट जुळवून आणायला, पाठवायला सांगितलं. "पंपच कशावरून?" असं मी विचारलं, तर "मॅडम, डिझेलचं तुम्हाला नाही कळायचं" म्हणाला आणि पुढचं सगळं बोलणं माझ्यासोबत आलेल्या भावाशी केलं. भावाला गाडी चालवता येत नाही. तो बिचारा मान डोलावत राहिला. मोठ्या काचेच्या दारांच्या एका ठिकाणी तर थेट निकाल मिळाला: कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही, इंजिन उघडून नव्याने बांधावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. कॉम्प्रेशन मोजायचं गेज मात्र तिथे कुणी बाहेर काढलेलं मला दिसलं नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. गाडी मी चालवत नेलेली, म्हणजे इंजिन गरम. की फिरवली की गाडी सुरू, मग खांदे उडवायचे आणि अंदाज ठोकायचा. थंड इंजिनाचं दुखणं गरम इंजिनावर दिसेल कसं? एवढं कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. पण ते दुखणं पाहायचं तर गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागते आणि सकाळी तिला दुसऱ्या कुणी हात लावायच्या आत आपण हजर असावं लागतं. तेवढी सवड कुणालाही काढायची नव्हती.

तुम्ही काढलीत. बॉनेट उघडायच्या आधी तुम्ही मला विचारत बसलात. कधी त्रास देते, किती वेळ उभी राहिल्यावर देते, धूर कुठल्या रंगाचा, त्याला वास कसला, उतारावर तोंड करून उभी केली तर काही फरक पडतो का. शेवटचा प्रश्न मला तेव्हा चमत्कारिक वाटला होता. मग म्हणालात, "ठेवून जा ताई. रात्रभर कुणी हात लावणार नाही. सकाळी तुमच्यासमोर सुरू करू." फिल्टर आणि पंप यांच्यामधला काळा पाईप काढून त्याच मापाचा पारदर्शक पाईप तुम्ही संध्याकाळीच बसवलात, गाडी चालवून एअर काढलीत आणि पाईप डिझेलने काठोकाठ भरलेला मला दाखवलात. त्यात काय बघायचं ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. सकाळी आले तेव्हा तुम्ही आधी इंजिनावर तळहात ठेवून पाहिलात, थंडगार असल्याची खात्री केलीत आणि टॉर्च माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "तुम्ही बघा. की मी फिरवतो."

मिस्त्री, आजवर प्रत्येक गॅरेजमध्ये मी सीटवर बसलेली असायचे. "मॅडम, सेल्फ मारा. बस. परत मारा." समोर उघड्या बॉनेटचा पत्रा, त्यामागे काय चाललंय ते देव जाणे, आणि शेवटी त्या पत्र्यामागून बाहेर येणारं वाक्य मी मुकाट्याने खरं मानायचं. तुम्ही जागांची अदलाबदल केलीत. मी वाकून पाईपावर उजेड धरला. संध्याकाळी भरलेला तो पाईप आता वरच्या अर्ध्या भागात रिकामा होता. तुम्ही सेल्फ मारलात आणि आतून हाक मारून विचारलंत, "काय दिसतंय?"

"बुडबुडे."

"एक मोठा, की रांग?"

"रांग."

"थांबली का?"

"नाही. चालूच आहे."

"बरं," म्हणालात आणि की बंद केलीत. उतरून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला आला नाहीत. मी पाहिलं ते तुम्ही धरून चाललात आणि पुढचं सगळं काम त्या उत्तरावर केलंत. तुम्हाला हे क्षुल्लक वाटत असेल, कदाचित लक्षातही नसेल. मला मात्र इतक्या दिवसांचा सगळा अपमान तिथे बॉनेटखाली धुऊन निघाल्यासारखा वाटला. टॉर्च जरा हलत होती, ती त्यामुळे.

पुढचं तुम्ही समजावलंत ते मी आता ज्याला त्याला ऐकवत असते. टाकी खाली, फिल्टर वर, आणि मधलं डिझेल ओढीवर चढलेलं. नळीला बारीक भोक असलं की तोंडाने पाणी ओढताना आधी हवाच येते, तसं हे. ओढीच्या बाजूला फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून तर जमिनीवर कधी थेंब पडला नाही आणि कुणाला गळतीचा संशय आला नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परततं. सकाळी पंपाला आधी हवा मिळते, नोझलचा दाब धरत नाही, न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. दिवसा गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात डिझेल उतरत नाही. उताराचा प्रश्नही मग उलगडला: नाक खाली असेल तर टाकी आणि फिल्टर यांच्या उंचीतला फरक कमी होतो आणि त्रासही कमी होतो.

तरीही तुम्ही घाई केली नाहीत. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन वर टांगलात, टाकी आणि फिल्टर दोन्ही सोडून पंपाला थेट त्यातून डिझेल दिलंत, आणि अजून थंड असलेलं ते इंजिन पहिल्या सेल्फला उठलं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन थंड असताना असं उठत नसतं. म्हणजे ज्या पंपाचं कॅलिब्रेशन व्हायचं होतं तो पंप ठणठणीत, आणि बांधायला निघालेलं इंजिनही ठणठणीत.

फट सापडली फिल्टरच्या तळाशी, पाणी सोडायच्या नळाच्या रबरी रिंगमध्ये. करंगळीच्या नखाएवढी ती रिंग. मागे कुणीतरी फिल्टर नवा घातला होता आणि रबर जुनंच ठेवलं होतं. नवीन फिल्टरच्या खोक्यात रिंग येते, हे मला तुमच्याकडून कळलं. ती कुणाच्या खिशात गेली किंवा खोक्यासकट कचऱ्यात गेली, ते त्यांनाच ठाऊक. तुम्ही कडक झालेल्या रबरावर नख दाबलंत आणि ते तडकलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. "होतं घाईत" एवढंच म्हणालात. मी इतकी उदार नाही.

आणि मग तुम्ही बोलत राहिलात. कुणी पैसे देऊन विचारलं असतं तरी इतकं सांगितलं नसतं. सगळं जसंच्या तसं आठवत नाही, पण काही डोक्यात पक्कं बसलंय. डिझेलचं इंजिन ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. तेव्हा रंगाला घाबरू नका, पातळी बघा. कमी झाली तर भरता येते, पण आपोआप वाढली तर गाडी तिथेच बंद करा, कारण ऑइलमध्ये डिझेल उतरतंय किंवा कूलंट. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणून नोझलवर खर्च करायच्या आधी एअर फिल्टर उघडून पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही जात नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचा, संशय घ्या.

सेल्फ जड फिरतोय म्हणून बॅटरी बदलणाऱ्यांवर तर तुम्ही हसलातच. इंजिनाकडून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजली की नवी बॅटरीही तितकीच जड फिरवते. ती पट्टी घासून घट्ट केलीत आणि मला मीटर लावून दाखवलंत: उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू इंजिनावर 13.8 ते 14.4. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तरच बॅटरीकडे बोट दाखवायचं. माझी जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. असो.

दोन गोष्टी सांगताना मात्र तुमचा आवाज बदलला होता. एक म्हणजे स्टार्टिंग स्प्रे. हीटर प्लग तापलेले असताना तो मारला तर पिस्टनची वाट लागते, कुणी कितीही आग्रह केला तरी मारू द्यायचा नाही. दुसरी, चालू इंजिनात नोझल गळतंय का हे कधीही बोट लावून बघायचं नाही. शंभर बारच्या वरचा फवारा कातडीत शिरतो, वरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत बोट जायची पाळी येते. तसं झालेलं तुम्ही पाहिलेलं असावं. मी विचारलं नाही.

जाता जाता मी उजव्या बाजूच्या टकटक आवाजाबद्दल विचारलं. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "हे मला आत्ता सांगता येत नाही. उगाच काही बोलणार नाही." या वाक्यासाठी मी तुम्हाला पुन्हा एकदा धन्यवाद देते. इतक्या ठिकाणी फिरले, "सांगता येत नाही" म्हणणारे तुम्ही पहिलेच. बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं. सज्जनपणा म्हटला की आपल्याला मोठाले त्याग आठवतात, पण रोजच्या जगण्यात माणसाला त्यातलं काही लागत नाही. समोरच्याला कळेल असं धरून बोलावं, न मोजता आकडा सांगू नये, आणि नवं रबर खोक्यात असेल तर ते बसवावं. डॉक्टर असो, वकील असो, नळ दुरुस्त करणारा असो, एवढं पाळणारा भेटला की मी त्याचा नंबर जपून ठेवते. माझ्याकडे असे नंबर फार नाहीत.

बिलात तुम्ही रिंग आणि पाईप लावलात. थांबलेल्या रात्रीचं काही नाही, शिकवल्याचं काही नाही. मी जास्त द्यायला गेले तर रागावलात, म्हणून हे पत्र.

एक काम राहिलंय. टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याची, नोंद मी सगळ्या जुन्या कागदांत शोधली, कुठेच नाही. नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, असं तुम्ही म्हणाला होतात. रबर नुसतं किलोमीटरवर जात नाही, वर्षांनीही जातं. आणि बावीसास एक अशा कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा बावीसाव्या हिश्श्यात दाबणाऱ्या, इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जागाच इतकी कमी की बेल्ट तुटला तर दोन्ही एकमेकांवर आपटतात. त्यामुळे आता लांबवत नाही, पुढच्या आठवड्यात गाडी आणून सोडते. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही मागवून ठेवा. दोन्ही त्याच बेल्टवर आहेत, तर एकदाच उघडू.

तुमची कृतज्ञ,
एका जुन्या डिझेल गाडीची मालकीण