दोनशेवीस पाउंडांचा माणूस

सांगली,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट पुरी ऐकली. फोन केला असता, पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. निदान कागदावर तरी तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. आजचे हेवीवेट बॉक्सर साडेसहा फुटी आणि अडीचशे पाउंडांच्या वरचे, त्यांच्यासमोर जुने चॅम्पियन मार्सियानो, जो लुई, अगदी अलीसुद्धा टिकला नसता. उसिक मूळचा क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटहून हलक्या गटातला. २०२४ मध्ये फ्युरी त्याच्याकडून हरला तो तयारी न करता उतरला म्हणून. आणि प्रत्येक संघटनेने आपापल्या बेल्टांचा असा बाजार मांडल्यावर खरा चॅम्पियन कोण हे विचारण्यातच अर्थ नाही. बाबा रे, यातला पहिला मुद्दा खरा धरला तर उसिक जिंकायलाच नको होता, आणि शेवटचा खरा धरला तर बाकीच्यांवर एवढा घसा कशाला कोरडा केलास?

मार्सियानोचं आधी मिटवतो, कारण तिथे मी तुझ्याच बाजूचा आहे. पाच फूट दहा इंच उंची, वजन १८५ च्या आसपास. आजच्या नियमाने तो हेवीवेटच नाही, क्रूझरवेटची मर्यादाच २०० पाउंडांची आहे. हातांचा पल्ला सत्तर इंचांच्याही आत, समोर फ्युरीचा ८५. ४९ पैकी ४९ लढती जिंकलेल्या माणसाबद्दल असं बोलताना जीभ अडखळते, पण त्याला फ्युरीपर्यंत पोचताच आलं नसतं. डेम्प्सीने १९१९ मध्ये टोलेडोला तेव्हाच्या चॅम्पियन विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं, तेव्हा डेम्प्सी १८७ आणि विलर्ड २४५ पाउंडांचा होता, हे मला ठाऊक आहे. ते उदाहरण मी वापरत नाही. विलर्ड सदतिशीचा होता आणि तीन वर्षं किताबाच्या लढतीला उभा राहिला नव्हता. तसल्या माणसाला हरवून आकाराचा प्रश्न सुटत नाही.

पण मार्सियानो लहान पडतो म्हणून अलीही लहान पडतो, ही उडी तू मारलीस ती मला मान्य नाही. जरा आकडे बघ. किन्शासात १९७४ ला अली सव्वादोनशेच्या आत, साधारण २१६ आणि फोरमन २२०. टायसनने १९८८ ला मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं तेव्हा टायसन २१८. रियाधमध्ये फ्युरीसमोर उसिक २२३. पन्नास वर्षांचं अंतर, खुराक बदलला, व्यायाम बदलला, आणि तरी सर्वोत्तम माणसं त्याच दहा पाउंडांच्या पट्ट्यात येऊन थांबतात. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हण. माझं म्हणणं असं की २०० च्या खाली माणूस कमी पडतो, पण २२० च्या आसपास जे लागतं ते सगळं मिळालेलं असतं. त्यापुढचं प्रत्येक पाउंड तुला बारा राउंड पोसावं लागतं. स्नायू कितीही चांगला असला तरी त्याला रक्त लागतं, आणि छाती काही त्या प्रमाणात वाढत नाही. आणि ठोशातली ताकद वजनावर ठरत नाही, हे तर अमेरिकेच्या वाइल्डरने दाखवलंच आहे. २०१८ ला फ्युरीसमोर तो २१२ पाउंडांचा होता, आणि बाराव्या राउंडमध्ये त्याने २५६ पाउंडांचा तो डोंगर सपाट झोपवला होता. फ्युरी उठला कसा हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्या तालमीत आठवतं ना, पोत्यासारखे दोन-तीन पैलवान होते. पहिली पाच मिनिटं त्यांच्यासमोर कुणाचं काही चालायचं नाही आणि सातव्या मिनिटाला त्यांचा दम उखडला की पोरंसोरं त्यांना फिरवायची. बॉक्सिंगमध्ये तेच होतं, फक्त जड माणसाने दम वाचवायची एक युक्ती शोधलेली असते: समोरच्याला मिठी मारून आपलं वजन त्याच्या मानेवर टाकायचं. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली व्लादिमिर क्लिच्को हेच करून वर्षानुवर्षं राज्य करत होता. डावा जॅब (हात सरळ पुढे टाकून मारलेला झटपट ठोसा), मग मिठी, पुन्हा जॅब. बघायला कंटाळवाणं, पण चोख. २०२० ला वाइल्डरसमोर फ्युरी मुद्दाम २७३ पाउंडांचा होऊन आला तोही यासाठीच. पंच मिठी सोडवायला जितका वेळ लावेल तितका मोठ्या माणसाचा फायदा. म्हणजे आकार महत्त्वाचा आहेच, मी नाही म्हणतच नाही. फक्त तो कुठे उपयोगी पडतो ते बघ. ठोशात कमी, रेलण्यात जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे राउंडांची. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू जबर जखमी झाला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर एकेक करत सगळ्या संघटनांनी पंधराच्या बारा राउंड केल्या. योग्यच केलं. पण त्या तीन राउंड गेल्या आणि हेवीवेटचा सगळा हिशेब बदलला, याकडे कुणी लक्ष देत नाही. १९४१ मध्ये बिली कॉन जो लुईपेक्षा पंचवीस-तीस पाउंडांनी हलका होता. बारा राउंड संपल्या तेव्हा तो पंचांच्या गुणांच्या तीन कागदांपैकी दोन कागदांवर पुढे आणि तिसऱ्यावर बरोबरीत होता. आजच्या नियमाने किताब कॉनचा. तेराव्या राउंडमध्ये त्याला लुईला पाडायचा मोह झाला आणि तोच पडला. १९५२ ला फिलाडेल्फियात वॉल्कॉटने मार्सियानोला पहिल्याच राउंडमध्ये खाली बसवलं आणि बारा राउंडनंतर तो तिन्ही कागदांवर पुढे होता. मग तेराव्यात मार्सियानोचा तो उजव्या हाताचा ठोसा आला. लांबी जेमतेम हातभर. वॉल्कॉट दोरांना लागून गुडघ्यांवर घसरला, डावा हात दोरीत अडकला, आणि त्या हाताच्या आधाराने काही क्षण तो तसाच लोंबकळत राहिला. हा ठोसा मारायला बारा राउंडनंतरही दम शिल्लक असावा लागतो. त्या काळची माणसं १८५-२०० ची का होती, याचं निम्मं उत्तर इथे आहे. पंधरा राउंड धावायचं असेल तर पाठीवर पोतं घेऊन कोण निघेल?

आता उसिक. तू म्हणालास फ्युरीची तयारी नव्हती. १८ मे २०२४ ला फ्युरी २६२ पाउंडांचा होता, वाइल्डरच्या तिसऱ्या लढतीपेक्षा १५ ने कमी. मूळ तारीख फेब्रुवारीतली होती, सरावात डोळ्यावर जखम झाली म्हणून पुढे ढकलली, म्हणजे मेहनतीला उलट जास्त दिवस मिळाले. चौथ्यापासून सातव्या राउंडपर्यंत तर तोच वरचढ होता. सहाव्यातले त्याचे अपरकट, खालून वर हनुवटीवर येणारे ते ठोसे, परत बघ, उसिकचं डोकं मागे उडतंय. आपल्याकडे पहाट झाली होती आणि मला वाटलं, संपलं, झोपायला मोकळा.

मग आठव्यात उसिकने नाकावर मारायला सुरुवात केली, आणि नवव्यात त्याचा डाव्या हाताचा तो ठोसा बसला. त्यानंतरचं अर्धं मिनिट मी किती वेळा मागे घेऊन बघितलं असेल! फ्युरी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोरांवरून आपटत चाललाय, पाय त्याचे ऐकत नाहीत, आणि उसिक मागे मागे. घाई नाही, एकेक ठोसा मोजून. शेवटी पंचाने मधे पडून आकडे मोजले, कारण दोर नसते तर तो खालीच गेला असता. घंटा झाली म्हणून वाचला. शेवटी गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी एकाने ११५-११२ उसिक, दुसऱ्याने ११४-११३ उसिक, तिसऱ्याने ११४-११३ फ्युरी दिले. नवव्यात ते आकडे मोजल्यामुळे फ्युरीचा एक जादा गुण गेला, तो गेला नसता तर लढत बरोबरीत सुटली असती. आता मला सांग, नवव्या राउंडमध्ये, चाळीस पाउंडांनी जड माणसाचे सहाव्यातले अपरकट खाऊन झाल्यावर, ज्याचे पाय तसे चालतात त्याला तू लहान कसा म्हणतोस?

आणि डिसेंबरात फ्युरी २८१ चा होऊन आला. आकार हवा होता ना, घे आकार. तिन्ही पंचांनी ११६-११२ उसिकला दिले. वाढवलेल्या १९ पाउंडांनी फरक पडला तो हरण्याच्या बाजूलाच.

‘तयारी नव्हती’ या सबबीवर माझा जुना राग आहे. बस्टर डग्लसचं घे. फेब्रुवारी १९९० ला टोकियोत त्याने टायसनला पाडलं तेव्हा तो २३१ चा होता. तीन आठवड्यांपूर्वी आई गेलेली, आणि तरी आयुष्यात एकदाच तो इतका तयार होता. टायसन गुडघ्यांवर रांगत दातांची पट्टी शोधतोय, ती उलटी तोंडात कोंबतोय, ते दृश्य तुला तोंडपाठ आहे. तोच डग्लस ऑक्टोबरात होलीफिल्डसमोर २४६ चा होऊन आला आणि तिसऱ्या राउंडमध्ये आडवा झाला. अँडी रुइझने २०१९ च्या जूनमध्ये जोशुआला चार वेळा पाडून सगळ्यांना वेड लावलं, आणि सहा महिन्यांनी दिरियाला आला तो पंधरा पाउंड अंगावर चढवून. नंतर स्वतःच सांगितलं की मौजमजा जास्त झाली. लेनक्स लुईस २००१ ला दक्षिण आफ्रिकेत पाच हजार फुटांवर लढायला गेला तो उशिरा, त्याआधी हॉलिवुडच्या चित्रीकरणात रमलेला, आणि रहमानने त्याला पाचव्यात झोपवलं. सात महिन्यांनी लुईसने परतफेड केली, पण म्हणून पहिला पराभव पुसला जातो का? माझ्या लेखी नाही. दम कमवून येणं हे लढतीतच धरायचं असतं. जो आला नाही तो त्या दिवशी हरलेलाच होता, समोरच्याने फक्त सही केली.

म्हणून खऱ्या चॅम्पियनच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: आधीच्याला रिंगमध्ये हरवलं का? बेल्ट मागाहून. केन नॉर्टनचा विचार कर. १९७८ मध्ये डब्ल्यूबीसी या संघटनेने लिऑन स्पिंक्सकडून किताब काढून घेतला, कारण त्याने नॉर्टनऐवजी अलीशी पुन्हा लढायचं ठरवलं, आणि नॉर्टनला घरबसल्या चॅम्पियन जाहीर केलं. त्याच वर्षी लॅरी होम्सने त्याला पंधरा राउंडमध्ये एका गुणाने हरवलं. नॉर्टन फार मोठा मुष्टियोद्धा होता, अलीचा जबडा त्याने मोडला, पण किताबाची एकही लढत त्याने कधी जिंकली नाही. उलट फोरमन. १९९४ ला पंचेचाळिसाव्या वर्षी, २५० पाउंडांचा, किन्शासातलीच लाल चड्डी घालून, तिन्ही कागदांवर मागे असताना दहाव्या राउंडमध्ये त्याने चॅम्पियन मूररला पाडलं. (हो, माझ्या २२० च्या सिद्धांतात तो बसत नाही, हे तू लिहिणारच आहेस. लिही.) पुढे ठरवून दिलेल्या लढती नाकारल्या म्हणून दोन्ही बेल्ट काढून घेतले. तरी १९९७ ला ब्रिग्जकडून हरेपर्यंत चॅम्पियन तोच. तो निकालही वादग्रस्तच होता, म्हणजे माझा नियमही सोवळा नाही. रिडिक बोने तर लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा बेल्ट लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. तुझ्या बेल्टांची किंमत त्यालाच विचार.

मात्र ‘खरा चॅम्पियन’ हे बोलणं नेहमीच निर्मळ नव्हतं, हे विसरू नकोस. गोरा चॅम्पियन जेफ्रीज १९०५ ला न हरता निवृत्त झाला. १९०८ ला सिडनीत जॅक जॉन्सनने तेव्हाच्या चॅम्पियन बर्न्सला हरवलं आणि पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन झाला, तेव्हा गोऱ्या अमेरिकेने ठरवलं की खरा चॅम्पियन अजून जेफ्रीजच. शेतावर बसून तो तीनशे पाउंडांवर गेला होता. त्याला घासून २२७ वर आणलं, १९१० च्या ४ जुलैला रीनोत उभा केला, आणि जॉन्सनने पंधराव्या राउंडमध्ये त्याचा निकाल लावला. वजन उतरलं होतं, दम आला नव्हता. त्या रात्री अमेरिकेच्या शहराशहरांत दंगली पेटल्या आणि माणसं मेली. डेम्प्सीही चॅम्पियन असताना कृष्णवर्णीय हॅरी विल्सशी कधी लढला नाही, आणि त्याचं कारण विल्सचा आकार नव्हतं. तेव्हा कुणी ‘हा खरा नाही’ म्हणालं की मी आधी विचारतो, तुला हा का नको आहे?

आणि उसिकची शंका अजून उरलीच असेल तर २०२५ च्या जुलैमधली वेम्बलीतली ड्युबॉइसची लढत बघ. अडतीस वर्षांचा, १६ पाउंडांनी हलका, पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट.

पुढच्या महिन्यात लग्नाला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. रियाधची पहिली लढत आवाज बंद करून बघू, दोघांनी वेगळे कागद भरायचे. सातव्या राउंडपर्यंत तुझा फ्युरी पुढे असेल, ते मी आत्ताच लिहून देतो. काकूंना नमस्कार सांग. आणि ती भडंगाची पिशवी तुझ्या मेहुण्याकडे दिली आहे, त्याने वाटेत संपवली तर मला विचारू नकोस.

तुझा,
सुध्या