ऑपरेशन कोण करणार, ते नाव आधी सांगा

मा. संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) आटपली की आपल्या गोव्यात लांबवलेली ऑपरेशनं एकेक करून बाहेर पडतात. हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, गळ्यातली गाठ, सगळं "चवथ होऊ दे, मग बघू" म्हणून ठेवलेलं असतं. मग घराघरात चौकशी सुरू होते, म्हापशाला करायचं की मडगावला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नंबर कधी लागेल, की सरळ बेळगाव गाठायचं. हॉस्पिटलची नावं सगळ्यांना पाठ, रूम कशी आहे, जेवण बाहेरून आणू देतात का, सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड चालतं का, हे पण सगळं विचारून होतं. पण पोट नक्की कोण उघडणार हा प्रश्न मी फार कमी घरांत ऐकलाय आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

माझ्या नणंदेच्या यजमानांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सोबत गेले होते. हॉस्पिटल खासगी, छोटं, स्वच्छ, माणसं बोलायला चांगली. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर विचारलं ऑपरेशन कोण करणार, तर उत्तर मिळालं "सर्जन बाहेरून येतात, त्या दिवशी भेटतील." नाव विचारलं तर म्हणे अजून फिक्स नाही, दोघे-तिघे येतात त्यातले जे मोकळे असतील ते. संमतीचा फॉर्म मात्र तिथेच पुढे सरकवला, आणि त्यात डॉक्टरांच्या नावाची जागा कोरी. भावोजी सही करायला निघालेच होते, मी म्हटलं जरा थांबा. नणंद मला हळूच म्हणाली, "वहिनी, जास्त विचारू नका, त्यांना राग आला तर?" ही भीती मला नीट कळते. उद्या ज्याच्या हाताखाली आपला माणूस बेशुद्ध पडून असणार त्याला दुखवायचं नसतं कुणाला. पण मी विचारलं, परत विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत फोनवरून नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही मिळालं. कुणी रागावलं नाही. सर्जन स्वतः आदल्या दिवशी येऊन भेटले, कागदावर चित्र काढून खडे कुठे आहेत ते दाखवलं, दुर्बिणीतून नाही जमलं तर पोट उघडावं लागेल हेही सांगितलं. ऑपरेशन छान झालं. म्हणून तर मला जास्तच वाटतं की जे विचारल्यावर एका फोनवर मिळतं ते न विचारता का मिळत नाही?

आणि हे काही मेहेरबानीचं काम नाही हो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरने आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, सर्टिफिकेट, पैशाची पावती या सगळ्यांवर द्यायचा. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू आहेत.) राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांना पाठवली, त्यात तर हेच म्हटलंय की आपल्यावर उपचार करणारा कोण आहे, त्याची पात्रता काय आणि मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरची, हे जाणून घ्यायचा पेशंटला आणि त्याच्या माणसांना हक्क आहे. आता बाहेरून येणाऱ्या सर्जनच्या बाबतीत हे सगळं कुठे जातं बघा. चिठ्ठी असते हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांच्या नावाची, पावती असते हॉस्पिटलची, बाहेर बोर्डवर दहा नावं आणि त्यापुढे इंग्लिश अक्षरांची माळ. ज्याने कापलं त्याचं नाव पेशंटला दिसतं ते थेट डिस्चार्जच्या कागदावर, टाके घातल्यावर.

बाहेरून येणारा सर्जन वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. डिचोली, वाळपई, काणकोण, पेडणे अशा ठिकाणी प्रत्येक छोट्या हॉस्पिटलला पूर्णवेळ सर्जन परवडणार नाही, फिरून येणारे आहेत म्हणून तर गावाजवळ सोय होते. पण मग तो टाके घालून पुढच्या गावी गेल्यावर रात्री पोट फुगलं, ताप आला, रक्त आलं तर बघणार कोण, हे सुद्धा आधीच कळायला हवं. माझ्या मते हा प्रश्न डिग्रीइतकाच महत्त्वाचा आहे.

डिग्रीचं सांगते, कारण यात लोक फार गोंधळतात. जनरल सर्जन म्हणजे एमबीबीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं जनरल सर्जरी शिकून एमएस किंवा डीएनबी झालेला माणूस. नुसतं "एमएस" वाचून समाधान मानू नका, हाडांचे, कानाचे, डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा एमएसच असतात, पुढे विषय काय लिहिलाय तो बघा. एमसीएच म्हणजे त्याच्याही पुढचं शिक्षण, पण तेही ठरावीक विषयाचं, मूत्रमार्गाचं, मेंदूचं, प्लास्टिक सर्जरीचं वगैरे. आणि एफ ने सुरू होणाऱ्या बऱ्याच लांबलचक अक्षरांच्या पदव्या या फेलोशिप असतात, काही अगदी थोड्या दिवसांच्या कोर्सच्या. दुर्बिणीच्या सर्जरीची फेलोशिप एमएसच्या जोडीला असेल तर उत्तम, पण एमबीबीएसनंतर एमएस किंवा डीएनबी काहीच नाही आणि नुसती फेलोशिप आहे तर तो माणूस सर्जन म्हणून पाटी कशी लावतो हे विचारायलाच हवं, कारण त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे त्या शाखेची खास पात्रता नसेल तर स्पेशालिस्ट म्हणवून घेता येत नाही. आयुर्वेदातही शल्यतंत्राचं एमएस असतं. २०२० मध्ये आयुर्वेदातल्या पदव्युत्तर डॉक्टरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी देणारी अधिसूचना निघाली, त्यातल्या ३९ जनरल सर्जरीच्या, त्यावर त्या डिसेंबरात देशभर डॉक्टरांनी ओपीडी बंद ठेवून निषेधही केला होता. कुणाकडे जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण आपला डॉक्टर कुठल्या पॅथीचा हे पेशंटला आधी माहीत पाहिजे, आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद वेगळ्या मंडळाकडे असते, ती तिथे शोधावी लागते.

आता तपासायचं कसं. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, मोबाइलवर उघडतं, पैसे लागत नाहीत. नाव टाकून शोधायला गेलात तर वैतागाल, कारण आपल्याकडे एकाच नावाचे नाईक नि गावकर किती, शिवाय स्पेलिंग वेगळं असतं आणि बायकांची नोंद बऱ्याचदा माहेरच्या नावाने असते. म्हणून नंबर मागा. आणि नंबरासोबत कौन्सिल, म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणारं राज्याचं मंडळ, कुठलं तेही विचारा, कारण तोच नंबर गोव्याच्या यादीत एकाचा असतो आणि महाराष्ट्राच्या यादीत दुसऱ्याचा. आपल्याकडचे बरेच डॉक्टर कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात शिकलेले, पहिली नोंद तिथलीच, त्यामुळे गोवा मेडिकल कौन्सिलमध्ये नाव लगेच सापडलं नाही म्हणून लगेच बोगस म्हणून ओरडू नका, आधी कौन्सिलला विचारा. सापडलं की एमबीबीएसच्या पुढची डिग्री तिथे चढवलीय का ते बघा. ती नसेल तर डॉक्टरांनाच विचारा, कधीकधी नोंद जुनी राहिलेली असते, प्रामाणिक डॉक्टर सर्टिफिकेट दाखवतात.

एवढं करून डॉक्टरचा हात कसा आहे ते कळत नाही हे मला मान्य आहे. त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं. हेच ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, दुर्बिणीतून करताना अडलं तर काय, भूल देणारे डॉक्टर कोण आणि ते पूर्ण वेळ थांबणार का, आयसीयू इथे आहे की अ‍ॅम्ब्युलन्सने बांबोळीला न्यावं लागेल, रक्त लागलं तर कुठून, काढलेली पित्ताची पिशवी किंवा गाठ तपासणीला पाठवणार ना. भुलेच्या डॉक्टरबद्दल तर कुणीच काही विचारत नाही, आणि तुमचा श्वास सांभाळणारा तोच असतो. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, निदान मी पाहिलेले तरी नाही चिडले. आणि जो म्हणेल "विश्वास नाही तर दुसरीकडे जा", तिथून उठून खरंच दुसरीकडे जावं.

ज्यांना मध्यरात्री अपेंडिक्स फुटून न्यावं लागतं त्यांना यातलं काही शक्य नाही, त्यांनी १०८ ला फोन करून निघावं, तिथे वेळ महत्त्वाची. पण हर्निया आणि खडे महिनोन् महिने थांबलेले असतात, तिथे एक दिवस नाव तपासायला काढला तर काही बिघडत नाही. फ्लॅट घेताना आपण रेराचा नंबर शोधतोच ना? आणि दीनदयाळ योजनेत हॉस्पिटल आहे म्हणजे सगळं तपासलेलं असं समजू नका. योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्याचा फार मोठा आधार आहे लोकांना, पण ती यादी हॉस्पिटलांची आहे, त्या दिवशी तुमच्या टेबलाशी कोण उभं राहणार ते त्यात कळत नाही.

संमतीच्या कागदाबद्दलही बोलायला हवं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये स्पष्ट केलं की दुर्बिणीने तपासणी करायला दिलेली संमती ही अवयव काढायची संमती होत नाही, त्या बाईंना भूल दिलेली असताना त्यांच्या आईची सही घेतली होती ती कोर्टाने धरली नाही. इतकं त्या कागदाला वजन आहे, आणि आपल्याकडे तो कोरा सही करून घेतात, तेही काउंटरवर, मागे लाइन लागलेली असताना, बऱ्याचदा फक्त इंग्लिशमध्ये. गावातली एखादी आजी तो वाचणार कशी?

गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण आहे, पणजीतल्या त्या जुन्या शाळेचंच पुढे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) झालं, इथल्या डॉक्टरांनी पिढ्यान् पिढ्या नाव कमावलंय. चांगलं शिकून आलेल्या सर्जनला स्वतःचं नाव आणि नंबर कागदावर छापायला हरकत असायचं कारणच नाही, उलट बोगस पाट्यांमुळे नुकसान त्यांचंच होतं. कदंबाच्या स्टँडवर "बिना ऑपरेशन मूळव्याध कायमची बरी" अशी पत्रकं चिकटवलेली दिसतात, खाली फक्त मोबाइल नंबर, ना नाव ना डिग्री. लाजेपोटी कुणाला न सांगता माणसं तिथे फोन करतात.

माझी आरोग्य खात्याला आणि गोवा मेडिकल कौन्सिलला विनंती आहे की ठरवून केल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनसाठी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचं नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर आणि कौन्सिल निदान एक दिवस आधी पेशंटला लेखी द्यायची सक्ती करा, आणि संमतीचा फॉर्म मराठी-कोकणीत ठेवा. महाराष्ट्रातल्या कौन्सिलने २०२५ मध्ये डॉक्टरांसाठी क्यूआर कोडची योजना आणली, स्कॅन केलं की माहिती समोर, तसं आपल्याकडे करायला काय अडचण आहे? राज्य लहान, डॉक्टर मोजके, इथे तर ते लवकर व्हायला हवं. तोपर्यंत वाचकांनी एवढं करावं, फॉर्मवर डॉक्टरांच्या नावाची जागा कोरी असेल तर ती भरून घेतल्याशिवाय सही करू नये.

आपली,
एक वाचक, डिचोली