भाडेकरूंसकट विकल्या जाणाऱ्या मोडक्या इमारती : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

भाडेकरू राहत असलेल्या जुन्या इमारतींची पाहणी करून खरेदीदाराला दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज देणे हे माझे काम. त्यामुळे सौद्याच्या बोलण्यांत मी बरेचदा असतो. मालक, खरेदीदार, दलाल, वकील सगळे असतात. भाडेकरूंना मात्र कुणी बोलावलेले नसते.

बोलणी ठरलेल्या वाटेने जातात. खरेदीदार माझा अहवाल पुढे करतो. गच्ची गळते, स्लॅबच्या सळ्या गंजून प्लास्टर सुटले आहे, सांडपाण्याचा पाइप भिंतीत झिरपतोय. तेव्हा एवढी किंमत कमी करा. रिकामा ताबा मिळत नाही, म्हणून आणखी कमी करा. मालकाला त्या इमारतीतून सुटायचे असते, तो कुरकुरत मान्य करतो. यात मला काही गैर वाटत नाही. गैर पुढे आहे. खरेदीखतात 'आहे त्या स्थितीत' असे लिहिले जाते आणि माझा अहवाल फायलीत जातो. दुरुस्तीचे कारण सांगून वाचवलेले पैसे खरेदीदाराकडे राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खोल्या पुन्हा गळतात.

भाडेकरूने मग काय करावे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. त्याने टाळली, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोलीचे भाडे आठवा आणि त्याचा चौथा हिस्सा काढा. त्यात एक खांबही धड होत नाही.

कागदांची स्थिती याहून वाईट. विक्रेता देतो त्या भाडेकरूंच्या यादीत वारलेल्या माणसांची नावे असतात, खोलीत वारस राहत असतात. अनामत रक्कम जुन्या मालकाने घेतलेली असते; नवा म्हणतो, मला दिलीच नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार नव्या मालकाला जुन्याचे हक्क मिळतात आणि भाडेकरूने तसे ठरवले तर जबाबदाऱ्याही त्याच्यावर येतात. पण त्या जबाबदाऱ्या नेमक्या कोणत्या, हे कुठे लिहिलेलेच नसेल तर भाडेकरूने काय दाखवायचे? यात प्रामाणिक खरेदीदारही भरडला जातो. मी असे खरेदीदार पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

म्हणून माझी विनंती अशी. खरेदीखत नोंदवण्याआधी प्रत्येक भाडेकरूचे सही केलेले निवेदन त्याला जोडणे सक्तीचे करा. भाडे किती, अनामत किती, थकबाकी आहे का, खोलीचे क्षेत्रफळ किती, दुरुस्तीच्या कोणत्या तक्रारी पडून आहेत, एवढे त्यात असावे. एक प्रत भाडेकरूकडे राहावी. क्षेत्रफळ मी मुद्दाम लिहितो आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण भिंतीच उरल्या नाहीत की आपली खोली केवढी होती हे सिद्ध करताना माणसे रडकुंडीला येतात.

आणि दुरुस्तीपोटी किंमत कमी केली असेल, तर ती रक्कम खरेदीखतात वेगळी लिहिली जावी, स्वतंत्र बँक खात्यात ठेवली जावी आणि काम होईल तसतशी अभियंत्याच्या दाखल्यावर खरेदीदाराला मिळावी. पैसा त्याचाच आहे. फक्त ज्या कारणासाठी तो वाचवला, त्यावर आधी खर्च व्हावा.

व्यवहार रेंगाळतील, असे कोणी आपल्याला सांगेल. पाहणीसाठी आम्हाला एरवीही प्रत्येक खोलीत जावेच लागते. निवेदन त्याच फेरीत भरून घेता येईल. सही द्यायला कोणी नकार दिला, तर तशी नोंद करून पुढे जाता येईल.

नोंदणीचा विषय महसूल खात्याकडे आहे, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांशी आपल्याला बोलावे लागेल. सुरुवात मुंबईतल्या सी-२ वर्गातील, म्हणजे मोठी दुरुस्ती लागणाऱ्या इमारतींपासून करावी. त्या अजून वाचवता येतात.

आपला,
एक स्थापत्य अभियंता