पायपेटीबाबत सूचना : चर्चच्या गायनमंडळासाठी

प्रिय सदस्यहो, कोल्हापूरच्या पावसात लाकूड फुगतं आणि पायपेटीच्या, म्हणजे पायाने भाता हलवून वाजवायच्या पेटीच्या, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तेल मात्र सोडू नका. त्यावर धूळ बसून पट्टी आणखी अडकते. एखादा सूर मुका झाला तर बहुधा रीडखाली, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली, कचरा असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवून तो काढावा. ब्लेड नकोच! पितळ टोकाशी घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. उपासनेनंतर सगळे स्टॉप (सूरसंच चालू-बंद करायच्या खुंट्या) आत ढकलून झाकण लावावं. पेडलमागची जाळी काढू नये, तिथूनच उंदीर भात्यापर्यंत पोचतात. पेटीवर फुलदाणी ठेवू नये, नाताळातही नाही.