आधी मागची पानं उघड

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

गुन्हे आणि शोधपत्रकारितेवरच्या पुस्तकांची यादी मागितलीस. देते, पण आधी एक सवय लावून घे. असं पुस्तक हातात आलं की मागच्या टिपा पहिल्यांदा उघडायच्या. मग मधलं एखादं प्रकरण काढून त्यातला सगळ्यात चटकदार संवाद शोधायचा आणि तो लेखकाला कुठून कळला, याचा माग टिपांत लागतो का ते पाहायचं. कोर्टातली साक्ष, पंचनामा, डायरी, स्वतः घेतलेली मुलाखत, काहीही चालेल. नुसतं 'सूत्रांनुसार' असेल तर जपून. आणि मरणाऱ्याच्या मनात शेवटी काय आलं हे कोणी छातीठोकपणे लिहिलं असेल, तर ती पानं कादंबरी म्हणून वाच.

या कसोटीवर सगळ्यात नावाजलेलं पुस्तकच घसरतं. ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' 1966 चं. कॅन्ससमधल्या होलकोम्ब गावात 1959 मध्ये एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्याची हकीकत. कपोटी मुलाखतीत टिपणं घेत नसे, टेपही लावत नसे. सगळी भिस्त स्मरणशक्तीवर. अक्षर न् अक्षर खरं असल्याचा त्याचा दावा होता, पण दफनभूमीतला शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता. तरीही वाच. गाव कसं उभं करायचं ते त्याच्याकडून शिकावं. पुरावा म्हणून मात्र त्याचा हवाला देऊ नकोस.

त्याला उतारा म्हणजे डेव्हिड ग्रॅनचं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (2017). अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या जमिनीखाली तेल निघालं. त्या उत्पन्नातला हिस्सा विकता येत नसे, वारशानेच मिळे. म्हणून 1920 च्या दशकात माणसं मारली गेली. सूत्रधाराला शिक्षा होते तिथे दुसरा लेखक थांबला असता. ग्रॅन तिसऱ्या भागात सरकारी दप्तरखान्यात शिरतो आणि ओसेज लोकांचा पैसा सांभाळायला त्यांच्यावर नेमलेल्या पालकांची नोंदवही उघडतो. एकेका पालकाच्या नावाखाली त्याच्या ताब्यातली माणसं, आणि कितीतरी नावांपुढे 'मृत'. पुस्तकातली सगळ्यात भीषण पानं हीच, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

आपल्याकडचं म्हणशील तर देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांचं हर्षद मेहता घोटाळ्यावरचं 'द स्कॅम' (1993). वाचताना कागदावर चौकोन काढ: विकणारी बँक, घेणारी बँक, मध्ये दलाल. रोखे हातात न देता बँक रिसीट, म्हणजे बीआर, द्यायची पद्धत होती. बँक ऑफ कराडसारख्या लहान बँकेने मागे रोखे नसतानाच बीआर काढल्या, आणि त्या कागदांवर पैसा शेअर बाजारात गेला. बीआर समजली नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल, म्हणून ते पान दोनदा वाच.

अविरूक सेन यांचं 'आरुषी' 2015 चं. नोएडातली आरुषी तलवार आणि घरातला नोकर यांच्या खुनाच्या खटल्यावरचं. इथे तारखांकडे लक्ष दे: कनिष्ठ न्यायालयाने आईवडिलांना दोषी ठरवलं नोव्हेंबर 2013 मध्ये, उच्च न्यायालयाने सोडलं ऑक्टोबर 2017 मध्ये. म्हणजे पुस्तक दोन निकालांच्या मध्ये पडतं. दुसऱ्या एका संशयिताच्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्यावर मृत नोकराचा डीएनए असल्याचा अहवाल होता. पुढे प्रयोगशाळेने ती टंकलेखनातली चूक ठरवली. तो भाग सावकाश वाच, मग उच्च न्यायालयाचं निकालपत्र काढून ताडून बघ. भारतातल्या कुठल्याही खटल्याच्या पुस्तकाबाबत हेच कर. आरोपपत्र ही एकाच पक्षाची बाजू असते आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब सहसा पुरावा धरत नाहीत. पुस्तकं मात्र याच दोन गोष्टींवर रंगवलेली असतात.

जेनेट माल्कमचं 'द जर्नलिस्ट अँड द मर्डरर' शेवटी ठेव. आरोपीशी गोड पत्रव्यवहार ठेवून पुस्तकात त्यालाच खुनी ठरवणाऱ्या लेखकावर तुरुंगातून दावा झाला आणि सव्वातीन लाख डॉलरवर मिटला, त्याची ही चिरफाड. माल्कम स्वतःही पक्षपाती आहे, हे वाचताना ध्यानात असू दे.

सुरुवात ग्रॅनपासून कर. 'द स्कॅम' सुट्टीत.

तुझी,
आई