मित्रास पत्र: आधी पेन्सिल, मग पाटी

प्रिय मित्रा,

चित्रं काढायला नवा टॅबलेट कोणता घ्यावा, असं विचारणारं तुझं लांबलचक पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्यात चिप आली, रॅम आली, स्क्रीनचे इंच आले, एका टॅबलेटच्या मागच्या कॅमेऱ्याचं कौतुकही आलं (त्याचं तू काय करणार आहेस, देव जाणे), पण पेनाबद्दल अवाक्षर नाही. गवयानं लाकडाची कारागिरी बघून तंबोरा घ्यावा आणि तारा छेडूनच पाहू नयेत, तसं झालं हे.

पेनाकडे येतोच. आधी तुझ्या जुन्या टॅबलेटविषयी. ‘हल्ली फार अडकतो’ असं लिहिलंयस. कधी अडकतो? सुरू होतानाच, की चित्र अर्ध्यावर आल्यावर? ही दोन दुखणी वेगळी आहेत. मागे तू पावसातल्या पुलाचं चित्र पाठवलं होतंस ना, त्याची फाईल मी काल उघडून बघितली. ए-४ आकार, ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), आणि लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले चित्राचे थर, किती? ४१! अरे बाबा, जरा हिशेब कर. ए-४ कागद ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल भरतो, म्हणजे सुमारे ८७ लाख. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर पूर्ण रंगवलेला एक लेयर साधारण ३५ एमबी खातो. डीपीआय दुप्पट केलास की लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट. तोच लेयर चौपट होतो, जवळजवळ १४० एमबी. असे ४१ म्हणजे पावणेसहा जीबीच्या घरात गेलास, आणि तुझ्या टॅबलेटची सगळी रॅम, म्हणजे चालू काम मांडायची जागा, ४ जीबी. अ‍ॅप बिचारं लेयरमधली रिकामी जागा मोजत नाही, थोडा भाग स्टोरेजवर नेऊन ठेवतं, अशा युक्त्या करून गाडा ओढतं. तू लेयर बदललास की धावत जाऊन तो भाग परत आणतं, आणि तुला वाटतं टॅबलेट म्हातारा झाला. आयपॅडवरचं प्रोक्रिएट हे चित्रांचं अ‍ॅप या बाबतीत रोखठोक आहे: कॅनव्हास केवढा आणि रॅम किती हे बघून लेयरची कमाल संख्या ते आधीच ठरवून टाकतं. बाकीची अ‍ॅप्स ‘घे किती घ्यायचे ते’ म्हणतात आणि मग धापा टाकतात.

रंगीत चित्र छापायला ३०० डीपीआय पुरतं. ६०० लागतं ते निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषेच्या कामाला, कारण तिथे रेषेच्या कडेला करड्या छटा नसतात आणि पायऱ्या डोळ्यांत खुपतात. तुझं सगळं काम रंगाचं. तेव्हा महिनाभर ३०० वर काम कर, आकाशाचे ते सात लेयर एकत्र करून टाक आणि बघ. तरीही अडकला, किंवा बॅटरी दोन तासांत बसायला लागली, किंवा तुझं अ‍ॅप नव्या आवृत्तीला ‘या यंत्रावर चालणार नाही’ म्हणालं, तर खुशाल बदल. ही खरी कारणं आहेत. नवं मॉडेल आलंय हे कारण नव्हे, हे तुलाही कळतंय. नाहीतर मला एवढं मोठं पत्र लिहिलं नसतंस.

आता पेन. माझी फजिती तुला कधी सांगितली नाही, कारण लाज वाटत होती. मागचा टॅबलेट मी आकडे बघून घेतला होता. पेनाला दाबाच्या ८१९२ पातळ्या (हाताच्या जोराचे एवढे टप्पे पेनाला कळतात म्हणे), असं खोक्यावर ठळक छापलेलं. घरी आणला, रंग भरले, झकास वाटलं. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा काढायला घेतला. गालाची रेषा सावकाश, तिरकी खाली आणायची होती. आणली, तर ती मुंग्यांच्या रांगेसारखी नागमोडी! वाटलं हात थरथरला. पुन्हा काढली, पुन्हा तेच. मग पट्टी ठेवून काढली. पट्टी सरळ, रेषा वाकडी, आणि लाटासुद्धा कशा, एकसारख्या अंतरावर. तेव्हा कळलं की हात माझा नव्हे, यंत्राचा कापतोय.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा राग जरा कमी झाला. काचेखाली तारांची बारीक जाळी असते. पेन दोन तारांच्या मधे असतं तेव्हा ते नेमकं कुठे आहे, याचा यंत्राला अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज प्रत्येक घरात थोडा थोडा चुकला की तिरक्या रेषेला लाटा येतात. हात झपकन गेला तर चूक झाकली जाते. सावकाश गेला की उघडी पडते. म्हणजे दुकानात आपण उभ्या उभ्या जी सही मारून बघतो, ती काहीच सांगत नाही. अ‍ॅपमधला स्टॅबिलायझर (कापरी रेषा आपोआप सावरणारी सोय) वाढवला की रेषा गुळगुळीत होते खरी, पण मग ती पेनाच्या मागून फरफटत येते, आणि तुझ्या रेषेतला तुझेपणाही त्यात धुऊन निघतो.

आणि ते दाबाच्या पातळ्यांचं प्रकरण. मायक्रोसॉफ्टच्या २०१४ च्या सर्फेस प्रो ३ या टॅबलेटला २५६ पातळ्या होत्या, २०१७ च्या सर्फेस प्रोला ४०९६ झाल्या; आणि २५६ वाल्यावरही लोक उत्तम चित्रं काढत होतेच. हजाराच्या पुढे फरक सांगणारा हात मी तरी पाहिलेला नाही. खरा प्रश्न तळाशी असतो: पहिली खूण उमटायला किती जोर लागतो? पापणीचा केस काढताना पेन काचेला टेकलंय पण रेषा अजून उमटत नाहीये, आणि उमटते ती एकदम जाड, असं झालं की मग वर ८१९२ असोत नाहीतर ८१ हजार, उपयोग काय? हा आकडा खोक्यावर सहसा छापत नाहीत. हातानंच बघावा लागतो.

म्हणून बघायला जाशील तेव्हा खिशात पट्टी घेऊन जा. लोक बघतील, बघू देत. अ‍ॅपमधला स्टॅबिलायझर बंद कर, पट्टी तिरकी ठेव आणि गोगलगायीच्या चालीनं रेषा ओढ. मग पट्टी बाजूला ठेवून अगदी हलक्या हातानं, जवळजवळ पेनाच्याच वजनानं, आडव्या-उभ्या रेघांची जाळी भर. मधल्या रेघा गळतात का बघ. तळहात बिनधास्त टेकव. काचेच्या चारही कडांपर्यंत रेषा ने, कारण काही पेनं मध्यभागी शहाणी आणि कडेला बावचळलेली असतात. पेन आडवं करून पेन्सिलीसारखी छाया भरून बघ. दहा मिनिटं लागतील. ती दहा मिनिटं मी वाचवली आणि पुढे दोन वर्षं तो टॅबलेट सिनेमे बघायला वापरला.

पेनांची घराणी ढोबळमानानं दोन. एक वॅकॉम या पेन-टॅबलेटवाल्या कंपनीचं: काचेखालच्या जाळीतून लहरी निघतात, पेनातली तारेची वेटोळी त्यावर जागी होते आणि उत्तर देते. त्यामुळे रेखाटायला पेनात बॅटरीच लागत नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस मालिकेतलं पेन याच घराण्यातलं, आणि ते खोक्यातच मिळतं, वेगळं घ्यावं लागत नाही. एकच खोड: चुंबक याला सहन होत नाही. चुंबकवालं कव्हर मागे दुमडलंस की त्या भागात रेषा सरकू शकते, आणि आपण बसतो पेनाला दोष देत. दुसरं घराणं स्वतःची बॅटरी असलेल्या पेनांचं. अ‍ॅपलची पेन्सिल त्यात येते, सर्फेसचं पेनही. अ‍ॅपलच्या पेन्सिलीच्या सावकाश रेषेबद्दल माझी काही तक्रार नाही. आजवर हातात धरलेल्यांत मला तीच सगळ्यात भरवशाची वाटली. पण चार्ज करायला विसरलास तर ऐन रंगात आलेलं चित्र बाजूला ठेवावं लागतं, आणि तू विसरणारच.

अ‍ॅपलचं घ्यायचं ठरवलंस तर एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस. पेन्सिली चार आहेत: २०१५ ची पहिली, २०१८ ची दुसरी, २०२३ ची यूएसबी-सीवाली, आणि २०२४ ची प्रो. यूएसबी-सीवाली दिसायला तशीच, पण तिला दाब कळतच नाही! टिपणं काढायला ठीक, चित्राला कुचकामी. शिवाय कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयपॅडला चालत नाही. आधी आयपॅडचं नेमकं मॉडेल बघायचं, मग त्याला चालणारी पेन्सिल. आणि सगळ्यात साध्या आयपॅडमध्ये काच आणि खालचं चित्र यांच्यात किंचित पोकळी असते. पेनाचं टोक इथे आणि रेषा उमटते केसभर तिथे, पाण्यात काठी बुडवल्यासारखी. सवय होते म्हणतात. मला झाली नाही. एअर आणि प्रोमध्ये काच चिकटवलेली असते, तिथे हा त्रास जाणवत नाही.

तुझे अ‍ॅपमधले ब्रश कुठे राहतात, याचाही विचार कर. प्रोक्रिएट २०११ पासून आहे, एकदा पैसे भरले की झालं, पण ते फक्त अ‍ॅपलच्या घरात. क्लिप स्टुडिओ पेंट विंडोज, आयपॅड, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. टॅबलेटवर मात्र वर्गणी भरत राहावी लागते. क्रिता फुकट आणि दमदार, विंडोजवर चालतं, अँड्रॉइड टॅबलेटवर चालतं, आयपॅडवर नाही. तू पाच वर्षं जमवलेले पाण्याच्या रंगाचे ते ब्रश एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जसेच्या तसे जात नाहीत. चित्रं पीएसडी (फोटोशॉपची फाईल) करून नेता येतात, ब्रश मागेच राहतात. माझ्या मते हे ओझं चिपच्या वेगापेक्षा जड आहे. नव्या यंत्रावर जुना हात बसायला मला तीन महिने लागले होते, त्यातला निम्मा वेळ ब्रश पुन्हा बनवण्यात गेला.

सर्फेससारख्या विंडोज टॅबलेटबद्दल विचारलं होतंस. पूर्ण कॉम्प्युटरवरची सॉफ्टवेअर्स हवी असतील तर त्याला तोड नाही. पण वजन बऱ्याचदा पाऊण किलोच्या वर, तेही कीबोर्ड सोडून, आणि मोठं चित्र उघडलं की मांडीला ऊब लागते. हिवाळ्यात बरं वाटेल.

आकाराबाबत मी जरा हट्टी आहे. ११ इंची टॅबलेट साधारण ए-५ वहीएवढा, १३ इंची ए-४ पेक्षा थोडा लहान. मोठ्यावर हात कोपरापासून फिरतो, लांब वळणं सुरेख येतात, हे खरं. लहानावर मनगटच फिरतं आणि सारखं झूम करावं लागतं. पण तू चित्र काढतोस कुठे? मला माहीत आहे: प्रवासात, कुणाची वाट बघत, जिन्यात बसून. २०२४ चा ११ इंची आयपॅड प्रो ४४४ ग्रॅम आणि १३ इंची ५७९. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, डाव्या हातावर अर्धा तास तोलून धर म्हणजे कळेल. माझा मोठा टॅबलेट टेबलावरून हलत नाही. बाहेर जातो तो लहानच, आणि माझी बरी चित्रं बघितलीस तर बहुतेक बाहेरचीच आहेत. टेबलावरचं काम वाढलं तर मानेसाठी एक तिरका स्टँड घे. त्यात कंजूषपणा नको.

स्क्रीनचं थोडक्यात सांगतो. ओलेड जातीच्या स्क्रीनचा गडद काळा रंग बघून भुलायला होतं. छपाईत तो काळा कुणी देणार नाही. उजेड पूर्ण वाढवून रंगवलंस तर छापून आलेलं चित्र अंधारात बुडालेलं दिसेल. निम्म्यावर ठेवून रंगव. कागदासारखा खरखरीत पडदा लावायचा मोह होईल. लाव, मलाही आवडतो, पण पेनाचं टोक भराभर झिजतं आणि बारीक छटांवर दाणेदार धुकं पसरतं. जादा टोकं जवळ ठेव.

माझं मत विचारलंस म्हणून: नव्याच्या मागे न लागता एक पिढी मागचं, ११ इंचाच्या आसपासचं, रॅम ८ जीबी किंवा जास्त असलेलं घे. पेन पसंत पडलं तरच. वापरलेलं मिळत असेल तर बॅटरी किती वेळा भरली गेलीय ते विचार. आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण भरण्यांनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता टिकवेल अशी बनवलीय, असं अ‍ॅपल सांगतं. आणि काचेवर कानाकोपऱ्यात रेषा तुटते का, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

पुलाचं चित्र मात्र सोडू नकोस. त्यातला डावीकडचा छत्रीवाला फार चांगला जमलाय, आणि तो याच ‘म्हाताऱ्या’ टॅबलेटवर जमलाय. फाईल ३०० वर आणून, लेयर कमी करून परत पाठव. मूळ प्रत आधी बाजूला ठेव, नाहीतर मला शिव्या देशील.

बघायला जाशील तेव्हा मला हाक मार, मीही येतो. पट्टी मात्र तूच आण. माझी कडेला तुटली आहे.

तुझाच,
नेहमीचा टीकाकार