पाऊस थांबल्यावरही बंद राहणाऱ्या सॅटेलाइट इंटरनेटबाबत तक्रार

दिनांक : 4 ऑगस्ट 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती सॅटेलाइट इंटरनेट जोडणीतील बिघाड, तो दुरुस्त न करताच तक्रार बंद करणे आणि बिलात लावलेले भेटीचे शुल्क याबाबत.

महोदय,

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घर खोलात आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. फायबर आमच्या रस्त्यापर्यंत आलेली नाही आणि मोबाईलची रेंज घरात मिळत नाही. ती हवी असेल तर चढण चढून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, जावे लागते. माझे यजमान देवरुख आणि चिपळूण इथल्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे घरून करतात. त्यासाठीच गेल्या जानेवारीत आपल्या कंपनीची सॅटेलाइट जोडणी घेतली. पैसे कमी नव्हते, पण दुसरा मार्ग नव्हता, आणि मे महिन्यापर्यंत सेवा उत्तम मिळाली हे आधी मोकळेपणाने लिहिते.

हे पत्र कशाबद्दल नाही तेही आधीच सांगते, कारण कस्टमर केअरला प्रत्येक फोनवर मला त्याच गोष्टी समजावून दिल्या जातात. वेबसाइट उघडायला क्षणभर उशीर होतो, ही माझी तक्रार नाही. उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. आपण मागितलेले वर जाते, खाली तुमच्या केंद्राकडे उतरते, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने येते. म्हणजे सुमारे 1 लाख 43 हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागणारच. मार्चच्या मध्यावर भर दुपारी काही मिनिटे जोडणी जायची, तीही माझी तक्रार नाही. त्या दिवसांत सूर्य आमच्या डिशच्या रेषेत उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, हे जोडणी करून देणाऱ्याने आधीच सांगितले होते. धो धो पाऊस पडत असताना सिग्नल जातो, हेही आम्ही मान्य केले आहे. ही जोडणी ज्या रेडिओ लहरींवर चालते त्या केयू बँडच्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर असते आणि मोठ्या थेंबांचा पाऊस त्या शोषून घेतो. कोकणात राहून पावसाबद्दल तक्रार करायची नसते.

आमची तक्रार पाऊस थांबल्यानंतरची आहे.

यंदा पाऊस मे महिन्याच्या शेवटालाच उतरला. सुरुवातीला सर जोरात आली की इंटरनेट जायचे आणि ढग पुढे सरकले की थोड्या वेळात आपोआप परत यायचे. जूनच्या मध्यापासून मात्र चित्र बदलले. सर थांबते, आभाळ मोकळे होते, रात्री चांदण्या दिसतात, तरी जोडणी येत नाही. सकाळीही येत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि डिशवर नीट तापले, की दुपारी एक-दीडच्या सुमाराला सगळे सुरळीत चालू होते. ऊन पडलेच नाही तर दिवसेंदिवस बंद. रात्री नुसती भुरभुर झाली, जिच्यात जूनच्या सुरुवातीला काहीही बिघडत नव्हते, तरी पहाटे मोडेमवरचा पाठवण्याचा, म्हणजे टीएक्सचा दिवा विझलेला असतो. सिग्नल घेण्याचा दिवा बहुतेक वेळा चालू असतो. मोडेमच्या स्टेटस पानावर येणाऱ्या सिग्नलचा आकडा थोडाच उतरलेला दिसतो. वारा सुटला आणि केबल हलली तर चालू असलेली जोडणीही मध्येच तुटते.

पावसामुळे जाणारा सिग्नल पाऊस गेला की परत येतो. जो बिघाड पाऊस गेल्यावरही राहतो आणि उन्हाने वाळल्यावरच जातो, तो आभाळात नसून आमच्या पडवीच्या स्लॅबवर आहे, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. डिशजवळच्या जोडात किंवा केबलमध्ये पाणी शिरते आहे. त्याच केबलमधून मोडेम डिशवरच्या ट्रान्समीटरला वीजही पुरवतो, म्हणून पाणी शिरले की आधी पाठवण्याची बाजू बंद पडते. माझा अंदाज चुकीचा असेल तर तसे तपासून सांगा. पण तपासल्याशिवाय ‘हवामान’ हे कारण लिहू नका.

कस्टमर केअरचा अनुभव मी जरा सविस्तर लिहिते, कारण मूळ बिघाडापेक्षा त्याने आम्हाला जास्त थकवले आहे.

इंटरनेट बंद पडले की आमच्या घरातून फोनही लागत नाही, कारण आम्ही फोन वाय-फायवरूनच करतो. म्हणजे तक्रार करायची तर सड्यावर जायचे. पावसात, छत्री सांभाळत, निसरड्या पाखाडीने. तिथे फोन लागतो, बराच वेळ संगीत ऐकावे लागते आणि मग समोरून पहिला प्रश्न येतो: “मॅडम, तुम्ही आत्ता मोडेमजवळ आहात का?” मी नसते. असू शकत नाही. हे मी दर वेळी सांगते. माझ्या खात्यावर तशी नोंद करून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल, अशी विनंतीही केली. नोंद कोणी केली असेल तर ती कोणी वाचली नाही. मोडेमजवळ नसाल तर आम्ही तपासणी पुढे नेऊ शकत नाही, असे सांगून फोन ठेवला जातो. चॅट करा म्हणतात. चॅटला इंटरनेट लागते. ॲपवर तक्रार करा म्हणतात. ॲपलाही इंटरनेट लागते. मग आम्ही घरात दिव्यांचे आणि स्टेटस पानाचे फोटो काढून, ते घेऊन सड्यावर जायला लागलो. त्या फोटोंवर तारीख आहे, वेळ आहे. ते ईमेलने पाठवले. उत्तरात मोडेम तीस सेकंद बंद करून पुन्हा चालू करण्याची सूचना आली.

एकदा जोडणी जेमतेम चालू असताना घरातूनच फोन लागला. प्रतिनिधीने केबल काढून परत लावायला सांगितले. आम्ही आधी मोडेमची वीज बंद केली आणि मग केबल सोडवली. खोलीतल्या टोकातून पाण्याचा थेंब माझ्या बोटावर आला. मधली तांब्याची तार हिरवी पडली होती. बाहेरच्या जोडात शिरलेले पाणी केबलच्या आतल्या तारेच्या जाळीतून उतरत उतरत घरात, मोडेमपर्यंत पोचले होते. हे मी फोनवरच सांगितले, स्पष्ट सांगितले. समोरून “ओके मॅडम” आले आणि पुढचा प्रश्न आला, “आता फॅक्टरी रिसेट करू या का?” याहून स्पष्ट पुरावा ग्राहक देऊ शकत नाही. त्या तरुणाचा मला राग नाही. त्याच्यासमोर प्रश्नांची यादी असणार आणि ‘केबलमध्ये पाणी’ असा रकाना तिच्यात नसणार. ती यादी तयार करणाऱ्यांना मी हे लिहिते आहे. कोकणात, पावसाळ्यात, बाहेर बसवलेल्या डिशच्या यादीत हा प्रश्न अगदी वर असायला हवा.

इतर कारणेही आमच्यावर ढकलून झाली. राउटर खराब असेल, असे सांगितले गेले. राउटर काढून लॅपटॉप थेट मोडेमला जोडला, तरी तेच. व्होल्टेज कमी असेल. मोडेम इन्व्हर्टरवर आहे. डिशसमोर झाड आले असेल. आमच्या भागातून ही डिश दक्षिणेकडे जवळजवळ सत्तर अंश वर पाहते आणि आंब्याची झाडे घराच्या पूर्वेला आहेत. एका प्रतिनिधीने तर जास्त वेगाचा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला. बंद असलेल्या जोडणीचा वेग वाढवून काय होणार, हे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

जुलैमध्ये अखेर तंत्रज्ञ आले. नेमकी उघडीप होती, कडक ऊन होते आणि जोडणी व्यवस्थित चालू होती. त्यांनी स्पीड टेस्ट घेतली, ‘सेवा सुरळीत, खराब हवामानामुळे तात्पुरता व्यत्यय’ असे लिहिले. शिडी तयार होती, स्लॅब कोरडा होता, मी वर चढून जोड बघा म्हणून आग्रह केला. ते चढले, आणि आम्ही खालून पाहत होतो तेच त्यांनाही दिसले: डिशमागच्या जोडाला पाणी अडवणारी रबरी टेप नाही, साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे आणि ती उन्हापावसाने सुटून लोंबते आहे. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली वळसा द्यायला हवा, म्हणजे पाणी तिथून निथळते. तो वळसाही दिलेला नाही, केबल सरळ उतारावरून भोकात जाते. हे त्यांनी मान्य केले. पण त्यांच्या पिशवीत ना नवा कनेक्टर होता ना टेप, कारण त्यांना मिळालेल्या नोंदीत केबलचा उल्लेखच नव्हता. लांबून मोटारसायकलवर भिजत आलेल्या माणसाला आम्ही चहा देऊन पाठवले. सामान घेऊन परत येतो म्हणाले होते. परत कोणी आले नाही. आला तो एसएमएस: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ आणि महिन्याच्या बिलात भेटीचे शुल्क.

कंपनीच्याच माणसाने जोडणी करताना अपुरे ठेवलेले काम पाहायला कंपनीचाच माणूस येतो, ते दुरुस्त न करता जातो आणि त्याचे पैसे आम्ही द्यायचे, हे आम्हाला मान्य नाही.

याचा आमच्या पोटावर काय परिणाम होतो तेही सांगते. जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या तपशिलाच्या रिटर्नची मुदत दर महिन्याच्या 11 तारखेला असते, जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरण्याच्या रिटर्नची 20 तारखेला. उशीर झाला की व्यापाऱ्याला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि भरायच्या करावर व्याज बसते. जुलैत यजमानांनी लॅपटॉप घेऊन एसटीने देवरुख गाठले आणि ओळखीच्यांच्या दुकानात बसून रिटर्न भरली. ज्यांची उशिरा गेली त्यांचे विलंब शुल्क आम्ही स्वतः भरले, कारण चूक त्यांची नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी पुढचे काम दुसरीकडे दिले आहे. त्यांना मी दोष देत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2012 चे ग्राहक तक्रार निवारण विनियम आम्ही वाचले आहेत. प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदीचा क्रमांक, द्यायचा, बिघाड ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचा, आणि ग्राहकाचे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे त्याला विनामूल्य अपील करता येते. त्यावर 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमच्या काही फोनना क्रमांकच मिळाला नाही, आणि ज्यांना मिळाला त्या तक्रारी आम्हाला न विचारता बंद केल्या गेल्या. हे पत्र लेखी तक्रार म्हणून नोंदवून त्याचा क्रमांक आम्हाला एसएमएसने कळवावा. मुदतीत काम झाले नाही तर आम्ही अपील करू, आणि गरज पडली तर ग्राहक आयोगाकडे जाऊ. दूरसंचार सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे जाण्याची आम्हाला हौस नाही. आम्हाला इंटरनेट हवे आहे.

आमचे मागणे साधे आहे. डिशपासून मोडेमपर्यंतची पूर्ण केबल बदलावी. फक्त टोक कापून नवा कनेक्टर लावू नये, कारण पाणी आत दूरवर शिरले आहे आणि जाळी गंजली आहे. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर, बाहेरच्या जोडावर पाणी अडवणारी टेप, भिंतीपाशी केबलला वळसा. ट्रान्समीटरच्या तोंडाशी गंज धरला असेल तर तोही तपासावा, आणि डिशची दिशा मीटर लावून पाहावी, कारण जुलैच्या वाऱ्यात ती किंचित हलली असण्याची शक्यता तंत्रज्ञांनीच बोलून दाखवली होती. भेटीचे शुल्क रद्द करावे. जूनच्या मध्यापासून दुरुस्ती होईपर्यंत जितके दिवस सेवा बंद राहिली त्या दिवसांचे भाडे परत द्यावे. मोडेम शेवटचा कधी जोडलेला होता याची नोंद तुमच्याकडे असतेच, तीच ग्राह्य धरावी, आमचा शब्द नको. आणि आमच्या खात्यावर ठळक लिहून ठेवावे की या ग्राहकाच्या घरी मोबाईल रेंज नाही, बिघाडाच्या वेळी ते मोडेमजवळून बोलू शकत नाहीत, त्यांनी पाठवलेले फोटो पाहून पुढची तपासणी करावी. आमच्यासारखी घरे तुमच्याकडे पुष्कळ असतील. जिथे दुसरे काही पोचत नाही तिथेच लोक सॅटेलाइट घेतात.

एक विनंती वेळेबद्दल. 11 आणि 20 ऑगस्टला रिटर्नच्या तारखा आहेत. 27 तारखेला गणेश चतुर्थी आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यापासून कोकणात कोणत्याही कामाला माणूस मिळत नाही, तुमचे तंत्रज्ञही आपापल्या घरी जातील आणि त्यांनी जायलाच हवे. म्हणून दुरुस्ती 11 तारखेपूर्वी करावी. येणाऱ्या तंत्रज्ञाने आदल्या दिवशी सायंकाळी सहा ते सात या वेळात फोन करावा, तेव्हा आमच्यापैकी एकजण सड्यावर असेल. शिडी आमच्याकडे आहे. ऊन असो वा पाऊस, जोडणी चालू दिसली तरी केबल बदलल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही आम्ही करणार नाही.

आपली विश्वासू ग्राहक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
(नाव, ग्राहक क्रमांक व संपर्क सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहे.)

सोबत : जुलैच्या बिलाची प्रत, मोडेमच्या दिव्यांचे व स्टेटस पानाचे तारखेसह फोटो, केबलच्या दोन्ही टोकांचे फोटो, तक्रार बंद केल्याच्या एसएमएसचे स्क्रीनशॉट.